भजनाला कार्डिऑइड घ्यायचा का सुपरकार्डिऑइड? आधी माइकच्या मागच्या फटी बघा

गणपती जवळ आले की कुठल्यातरी वाडीतलं भजन मंडळ नवा माइक घ्यायला निघतं आणि मला फोन येतो, कुठला घेऊ, कार्डिऑइड का सुपर, म्हणजे सुपरकार्डिऑइड. दोन्ही ठरावीक दिशेनेच ऐकणारे माइक. मी उलट विचारतो, बुवांचा मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर, कुठे ठेवता आणि पखवाज कुठल्या बाजूला बसतो? कारण माइक कुठून चांगला ऐकतो ते सगळेच बघतात, पण मांडवात शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होते ती) टाळायची असेल तर तो कुठून बहिरा आहे ते बघायला लागतं.

हा बहिरेपणा येतो कुठून, ते आधी समजून घ्या. माइकच्या आत आवाजाने हलणारा पातळ पडदा असतो. तो मागून पूर्ण बंद असेल तर त्याला फक्त हवेचा दाब कळतो, दिशा कळत नाही, म्हणून चारी बाजूंनी सारखंच ऐकतो, हा ओम्नी. पडदा दोन्हीकडून उघडा ठेवला तर बाजूने आलेला आवाज दोन्ही अंगांना एकाच वेळी पोचतो आणि पडदा हलतच नाही, म्हणजे बाजूने बहिरा आणि पुढून-मागून सारखा, हा फिगर-एट, रिबन माइक बहुतेक असेच. आता मागची वाट उघडी ठेवायची पण तिच्यात कापड, फटी, छोटी पोकळी घालून आवाजाला उशीर लावायचा. मग मागून आलेला आवाज वळसा घालून पुढच्या अंगाला जेव्हा पोचतो तेव्हाच आतल्या वाटेनेही पोचतो आणि पडद्यावर जोर राहत नाही. हा कार्डिऑइड. एकाच कॅप्सूलमध्ये, म्हणजे पडदा बसवलेल्या एकाच डबीत, हे जमवलं बेंजामिन बाउअर यांनी, त्यातूनच १९३९ साली शुअर कंपनीचा युनिडाइन माइक आला. तोच आतला उशीर थोडा कमी केला की बहिरी जागा बरोबर मागून सरकून दोन तिरक्या बाजूंना जाते, झाला सुपरकार्डिऑइड.

शुअरच्याच एसएम५८ या माइकची जाळी फिरवून काढली तर कॅप्सूलच्या कडेने, पडद्याच्या खाली, बारीक फटी दिसतील. माइकची सगळी दिशा त्या फटींवर आहे. दोन वर्षांपूर्वी कुडाळकडच्या एका डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, एक बुवा रंगात आले आणि त्यांनी माइक स्टँडवरून काढून जाळीवर मूठ आवळली, मागून कोणीतरी ओरडलं "रे, माइक शिटी मारता!" आणि मी उगाच मिक्सरवर हाय, म्हणजे वरचे तीक्ष्ण स्वर, कमी करत बसलो. मुठीने फटी झाकल्या की कार्डिऑइड माइक जवळजवळ ओम्नी होतो, तिथे मिक्सर काय करणार. तेव्हापासून बारी सुरू व्हायच्या आधी मी बुवांना माइकची मान स्वतः धरून दाखवतो.

आता माइकची बहिरी जागा आणि मॉनिटर यांची गाठ घाला. कार्डिऑइड बरोबर मागे, म्हणजे १८० अंशांवर बहिरा, तेव्हा मॉनिटर बुवांच्या समोर, माइकच्या शेपटीच्या रेषेत. सुपर बहिरा साधारण १२५ अंशांवर, दोन्ही बाजूंना, आणि बरोबर मागून तो थोडं ऐकतो, समोरच्यापेक्षा १२ डेसिबलच्या आसपास कमी. म्हणून सुपर घेऊन मॉनिटर जुन्या जागीच ठेवला तर महाग माइक जास्त शिट्टी मारतो आणि लोक माइकला शिव्या घालतात, तो मॉनिटर तिरका सरकवायचा असतो. पखवाज शेजारी ९० अंशांवर असेल तर कार्डिऑइडमध्ये तो ६ डेसिबल कमी येतो, सुपरमध्ये जवळपास ९, हा फरक कानाला कळतो. पण बुवांच्या पाठीमागे बसलेला कोरस आणि झांज माइकच्या तोंडासमोरच येतात, त्यांना कार्डिऑइड, सुपर कुठलाच अडवत नाही, तिथे माइक तोंडाजवळ घेणे हाच उपाय. जवळ घेतल्यावर खर्ज फुगतो, तो दोन्हींत फुगतो, मिक्सरवर लो-कट (खर्ज कापणारं बटण) लावा.

जत्रेतल्या दशावताराला मात्र वेगळा हिशोब. नट फिरतात, संवाद उत्स्फूर्त असतात, कोण कुठे उभा राहील ते कोणाला माहीत नसतं. तिथे वर टांगायला शॉटगन, म्हणजे पुढे लांब नळी असलेला माइक, घ्या असं बरेच जण सुचवतात, माझा विरोध आहे. शॉटगनची नळी लांबीच्या मानानेच काम करते, २५ सेंटीमीटरची नळी साधारण दीड-दोन किलोहर्ट्झच्या खाली काहीच अडवत नाही, म्हणजे मृदंगाच्या धुम्माला नळीचा अडसर नाही आणि नट दोन पावलं सरकला की त्याचा आवाज पातळ होणार. दोन-तीन साधे कार्डिऑइड कंडेन्सर, पाठ भोंग्यांकडे करून टांगा, कंडेन्सरला लागणारी वीज, म्हणजे ४८ व्होल्ट फॅन्टम, मिक्सरवर आहे ना ते बघून.

ओम्नी घ्यायचा तो कीर्तनकारांच्या छातीवर लावायला. मान वळली तरी आवाज तोच राहतो, कापड घासल्याचा आणि वाऱ्याचा त्रासही कमी. वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर कार्यक्रम असला की कार्डिऑइडवर जाड फोम लागतोच, कारण मागची उघडी वाट वाऱ्यालाही उघडी असते.

आणि फोम असो नसो, खारी हवा आणि पावसाळा त्या फटींत बसतो, म्हणून कार्यक्रम झाल्यावर माइक पुसून कोरड्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. माझं मत विचाराल तर एक मॉनिटर असलेल्या मंडळाने कार्डिऑइडच घ्यावा, सुपर तेव्हाच जेव्हा दोन मॉनिटर तिरके ठेवायला जागा आहे आणि बुवा माइकसमोरून हलत नाहीत. दुकानात हेडफोन लावा, एकाच आवाजात बोलत राहा आणि दुसऱ्याला माइक हळूहळू फिरवायला सांगा, आवाज कुठे बुडतो तो कोन लक्षात ठेवा आणि त्याच कोनात घरी मॉनिटर मांडा.