सुट्या पाट्यांचं किचन, एका पावसाळ्यानंतर

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या भांडुपच्या घरात ओट्याखाली पाच आणि भिंतीवर चार अशी नऊ कॅबिनेट्स बसवली. खोक्यातून सपाट पाट्या येतात आणि घरी जोडायच्या, त्या प्रकारची. आता डिसेंबर आहे. मधे अख्खा पावसाळा गेला, गणपतीत वीस माणसं जेवून गेली, दिवाळीचा फराळ झाला. बसवल्या बसवल्या लिहिलं असतं तर सगळं चांगलंच लिहिलं असतं, म्हणून थांबले होते.

पैशाचं आधी सांगते, सगळे तेच विचारतात. मॉड्युलर किचनवाल्यांचं कोटेशन 1 लाख 85 हजारांचं आलं. ओळखीचे सुतार 1 लाख 20 हजारांत प्लायमध्ये करून द्यायला तयार होते. त्यांचं काम मला माहीत आहे, पक्कं असतं. पण पंधरा-वीस दिवस घरात कापाकापी चालणार होती, आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. भुशाच्या घरात त्यांना ठेवणं शक्य नव्हतं. सुट्या भागांच्या किचनला पाट्या, शटर म्हणजे कपाटांची दारं, बिजागऱ्या, ड्रॉवर सरकवायचे चॅनेल मिळून 52,400, टेम्पो आणि हमाली 2,300, दोन दिवसांच्या फिटरचे 6,000, प्लग-सिलिकॉन-फिलर पट्ट्या वगैरे 3,100 लागले. एकूण 63,800. ऑगस्टमध्ये त्यात आणखी 5,800 गेले, ते का ते पुढे सांगते.

रंग आणि हॅण्डल निवडण्यात आम्ही तीन रविवार घातले आणि मापं एका संध्याकाळी घेतली. उलट करायला हवं होतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत ओटा आधीच असतो, कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइट. ही तयार कॅबिनेट्स मात्र 300, 450, 600, 900 मिलिमीटर अशा ठरलेल्या रुंदीत येतात. आमच्या दोन कडप्प्यांमधली एक जागा साडेबावीस इंच, म्हणजे 571 मिलिमीटर. 600 चा बॉक्स तिथे जाणारच नाही. 450 चा घेतला आणि उरलेल्या 121 मिलिमीटरला फिलर पट्टी, म्हणजे फट झाकणारी पाटी लावली. पट्टीमागची जागा वाया गेली, लाटणं-पोळपाटसुद्धा तिथे ठेवता येत नाही.

उंचीनेही दमवलं. ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूपासून लादीपर्यंत 812 मिलिमीटर. बॉक्स 720 चा, पाय 100 चे. एकूण 820. आठ मिलिमीटरसाठी दोन तास गेले. शेवटी दुकानातून 80 पर्यंत खाली जाणारे, फिरवून उंची बदलता येणारे पाय आणले. ते हवेच होते, कारण स्वयंपाकघराची लादी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे लादीवरचं पाणी जायच्या जाळीकडे, उतरती असते. आमच्याकडे सात फुटांत 14 मिलिमीटरचा उतार निघाला. तो ट्रॅप सिंकखाली कोपऱ्यात आहे. त्यावर बॉक्सचा पाय येणार नाही आणि तुंबला तर हात जाईल, एवढी जागा सोडा.

आम्ही तुर्भ्याच्या आयकियातही जाऊन आलो होतो. तिथल्या मेटोड नावाच्या किचन कॅबिनेट्सची खालची चौकट 80 सेंटिमीटर उंच, शिवाय पायांची उंची वेगळी. आमचा ओटा ठेवून ती बसवणं शक्य नव्हतं. ओटा नवीन करणार असाल तर तो पर्याय जरूर बघा, आम्हाला ग्रॅनाइट फोडायचा नव्हता.

जोडणी वाटली तेवढी अवघड नाही. माझा भाऊ सिव्हिल इंजिनिअर आहे, तो दोन्ही दिवस होता. लाकडी खुंट्या, आणि पाट्या एकमेकींना आवळणारे मिनीफिक्सचे बोल्ट आणि गोल चकत्या. चकतीवरचा बाण बोल्टच्या भोकाकडे करून बसवायची आणि स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेर फिरवायची, बस. पहिल्या बॉक्सला मी हौसेने जोर लावला तर भोकाच्या कडेचा चुरा निघाला. पातळ मागची पाटी खाचेत सरकवल्यावरच शेवटची बाजू लावायची, नाहीतर सगळं परत उघडावं लागतं. प्रत्येक बॉक्स बंद करायच्या आधी दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे नसतील तर पुढे शटर कितीही जुळवा, फट तिरकीच राहते. एका शटरची बिजागरीची भोकं चुकीच्या अंतरावर पाडलेली आली. बदलून मिळाली, पण 19 दिवसांनी.

भिंतीच्या बाबतीत हयगय करू नका. आमची ओट्यामागची भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या ब्लॉकची. फिटर नेहमीचे छोटे रावल प्लग घेऊन आला होता. भावाने ते लावू दिले नाहीत. आम्ही नागदेवी स्ट्रीटवरून 10 बाय 100 चे लांब नायलॉन प्लग आणले, ड्रिलचं हॅमर बंद ठेवून भोकं पाडली आणि आडवी लोखंडी पट्टी ठोकून तिच्यावर कॅबिनेट्स अडकवली. डाळी-तांदळाचे भरलेले डबे मी वजनकाट्यावर ठेवून पाहिले होते. एकाच कॅबिनेटमध्ये 38 किलो जाणार होते. खाली उभं राहून आपण पोळ्या लाटतो, तेव्हा ही भीती खरी आहे. आणि गॅस पाइपलाइनचा असेल तर मीटर आणि व्हॉल्व्ह कॅबिनेटमागे झाकू नका. फिटर सुबक दिसावं म्हणून सुचवेल, ठाम नाही म्हणा.

आता ऑगस्ट. सिंकखालचं शटर पुसताना तळाच्या पाटीची पुढची कड बोटाला लागली. तोवर ती गुळगुळीत होती. खाली वाकून पाहिलं तर एज बँड, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, एका टोकाला सुटून पुढे आला होता, आणि आत भिजवलेल्या जाड रव्यासारखा चुरा. 18 मिलिमीटरची पाटी तिथे 23 भरली. वेस्ट पाइपच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होतं, किती दिवस कोण जाणे. पण थेंब हे निमित्त. फिटरने पाइपसाठी पाटीला जागेवर जिगसॉने भोक पाडलं होतं आणि कापलेली कड तशीच उघडी सोडली होती. आमच्या पाट्या पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या. त्याला वरून लॅमिनेट असतं, तिथून पाणी आत शिरत नाही. ते शिरतं कडेतून. दुकानात मी सिंकच्या बॉक्सला प्लाय द्या म्हणून विचारलं होतं. 'सगळा बोर्ड मॉइश्चरप्रूफच आहे मॅडम' असं उत्तर मिळालं, आणि मी ते मानलं. ओल सोसणं वेगळं आणि पाण्यात टिकणं वेगळं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही. तक्रार केली तर पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले.

मग त्याच ओळखीच्या सुतारांना बोलावलं. त्यांनी आयएस 710 शिक्क्याच्या मरीन प्लायचा तेवढाच एक बॉक्स त्यांच्या वर्कशॉपमध्ये करून आणला. त्या दर्जाच्या प्लायचा चिकटा 72 तास उकळत्या पाण्यात तपासलेला असतो. पाइपची भोकं पाडल्यावर त्यांनी प्रत्येक कडेला प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले, वाळेपर्यंत पाइप जोडू दिला नाही. जुनं शटर जसंच्या तसं नव्या बॉक्सला बसलं, कारण बिजागरीचं 35 मिलिमीटरचं भोक बहुतेक सगळीकडे तेच असतं. 5,800 रुपये. मार्चमध्येच हे केलं असतं तर एवढे लागले नसते. बाकीच्या आठ बॉक्सना पाण्याने काहीही झालेलं नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे टाकाऊ, असं मी त्यामुळे म्हणणार नाही. सिंकपासून दूर, कडा बंद असतील तर आमच्या बजेटला तो पुरेसा ठरला. एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घट्ट आणि ओल जास्त सोसणारा बोर्ड परवडत असेल तर खालच्या ओळीला तो घ्या, पण सिंकला प्लायच.

दुसरी चूक 900 च्या कॅबिनेटची. रुंद कपाट म्हणून हौसेने घेतलं. जुलैपर्यंत डब्यांच्या वजनाने मधलं शेल्फ 6 मिलिमीटर वाकलं. भावाने हिशोब सांगितला: दर फुटाला वजन तेवढंच ठेवून लांबी दीडपट केली, तर वाक पाचपट होतो. आता शेल्फच्या पुढच्या कडेला खालून ॲल्युमिनिअमची एल पट्टी मारली आहे आणि मधोमध एक उभी पाटी टेकू म्हणून दिली आहे. 450 चे दोन घेतले असते तर हे टळलं असतं.

सिंकजवळच्या दोन बिजागऱ्यांवर सप्टेंबरमध्ये गंजाचे ठिपके दिसले, त्या बदलून 304 स्टीलच्या घातल्या. क्रोमचा मुलामा दिलेल्या जाळीच्या बास्केटही सिंकशेजारी नकोत, ताटं ओलीच ठेवली जातात. मॅट शटरवर फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्याने निघतात, हळदीचा डाग मात्र लगेच पुसावा लागतो. भांड्यांच्या मोठ्या ड्रॉवरला टँडम, म्हणजे हलकं सरकणारं चॅनेल घेतलं, ड्रॉवर कुकरसकट भरलेला असूनही सासूबाई एका बोटाने ओढतात. त्यांना आता खाली बसून भांडी काढावी लागत नाहीत.

खालच्या बॉक्सच्या पायांपुढची स्कर्टिंगची पट्टी क्लिपवर आहे, ती महिन्यातून एकदा काढून मागे झाडून घेते. त्याच वेळी सिंकशेजारच्या बॉक्सच्या कडेवरून बोट फिरवून बघते. परवाच्या रविवारी बघितली, कोरडी आणि गुळगुळीत होती.