केळीच्या नोंदी: साधे तक्ते, शब्दसूची की ऑन्टॉलॉजी?

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने खरेदीच्या नोंदी एक्सेलमधून काढून धड सिस्टीममध्ये घालायचं ठरवलं, की तीन वाटा दिसतात: रिलेशनल डेटाबेस (एकमेकांशी जोडलेले साधे तक्ते), त्याच्या जोडीला ठरावीक संज्ञांची शब्दसूची, किंवा फॉर्मल ऑन्टॉलॉजी, म्हणजे संज्ञांचे अर्थ आणि नाती यंत्राला तर्क करता येईल अशा नियमांत मांडणं. तिसरीचं नाव भारदस्त, म्हणून भुरळही तिचीच जास्त. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांना ती सिस्टीम लागत नाही, पण तिच्यामागचा विचार सगळ्यांना लागतो.

तो विचार 'प्रकार' या एका रकान्यावर करून बघा. केळीचे भाव नवती, पीलबाग, कांदेबाग, वापसी असे निघतात, म्हणून ड्रॉपडाऊनमध्येही तेच चार शब्द बसतात. कोणीतरी त्यातच ग्रँड नैन आणि श्रीमंती या जातीही कोंबतो. ग्रँड नैन ही जात, झाड आहे तोवर ती बदलत नाही. नवती म्हणजे नव्या लागवडीचं पहिलं पीक, पीलबाग म्हणजे पिलावर, बुंध्याशी फुटलेल्या कोंबावर, धरलेलं पुढचं. त्यामुळे तीच बाग आज नवती, उद्या पीलबाग. कांदेबाग हा लागवडीचा हंगाम, मृगबागेच्या जोडीचा. वापसी ही तर मालाची प्रत, ती ठरते काढणीच्या वेळी. मग कांदेबागेचं पील धरलं, तर नोंद कुठे करायची? ड्रॉपडाऊन एकच निवडू देतो, आणि नोंद करणारा पोरगा संध्याकाळच्या घाईत सुचेल ते निवडतो. वर्षाअखेरीला पीलबागेचं उत्पन्न काढायला बसलात, की आकड्यांवर कोणाचाच विश्वास बसत नाही.

एखादा गुण वस्तूला जन्मभर चिकटलेला आहे की काही काळापुरता, हा प्रश्न निकोला ग्वारिनो आणि ख्रिस वेल्टी यांच्या 'ऑन्टोक्लीन' या ऑन्टॉलॉजी तपासण्याच्या पद्धतीतला. ग्वारिनो यांनी इटलीतल्या त्रेंतोत काम केलं. माहिती प्रणालींमधल्या फॉर्मल ऑन्टॉलॉजीवरची पहिली परिषद १९९८ साली तिथेच भरली. ही तपासणी करायला सॉफ्टवेअर लागत नाही. कागद, पेन आणि बागेत व मोजणीवर वावरलेला एक जाणता माणूस पुरे.

तपासणीनंतर साध्या तक्त्यांतही जात, पीक-पाळी, हंगाम आणि प्रत असे चार रकाने होतात आणि निम्मं दुखणं तिथेच संपतं. एडगर कॉड यांनी १९७०मध्ये मांडलेलं हे रिलेशनल मॉडेल स्वस्त आहे, आणि ते सांभाळणारी माणसं जळगाव-धुळ्यात सहज मिळतात. उणीव एकच, पण मोठी: रकान्याचा अर्थ तक्ता बनवणाऱ्याच्या डोक्यात राहतो. तो नोकरी सोडून पुण्याला गेला, की अर्थही गेला.

शब्दसूचीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती स्वस्त आणि गुणी आहे. हरण्या, सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक ही केळीवरच्या एकाच रोगाची तिन्ही नावं एकाच संकल्पनेला बांधायची, बस. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं शब्दसूचीसाठीचं 'स्कॉस' हे प्रमाण २००९पासून आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची (एफएओ) 'ॲग्रोव्होक' ही शेतीची बहुभाषिक सूची त्याच घडणीची. पण तर्क करणं हे तिचं काम नाही.

तर्क करतं ते 'आऊल', म्हणजे फॉर्मल ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा. २००४मध्ये ते प्रमाण झालं, दुसरी आवृत्ती २००९ची. इथे जरा थांबून बघा, कारण तक्त्यांची सवय झालेला माणूस इथेच आपटतो. समजा तुम्ही नियम घातला की एका बागेला मालक एकच. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं आहेत, दोन्ही भरली. योग्य बंधन घातलेला डेटाबेस दुसरं नाव घेणारच नाही. आऊलचा रीझनर (नियमांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) मात्र तक्रार न करता निष्कर्ष काढतो की ही दोन्ही नावं एकाच माणसाची! वेगळी नावं म्हणजे वेगळी माणसं, असं तो स्वतःहून धरत नाही. ते सांगावं लागतं. मग दोन्ही भावांची खाती एक. वाटणीचे वाद आधीच काय कमी आहेत?

दुसरं, फवारणीची नोंदच नसेल तर डेटाबेसच्या साध्या शोधात ती बाग 'न फवारलेली' म्हणून येते. आऊलच्या लेखी ती 'माहीत नाही'. निर्यातीच्या मालासाठी आऊलचं धोरण खरं तर जास्त प्रामाणिक आहे. पण नोंदी पूर्ण आहेत का, हे तपासायला मग 'शॅकल' (२०१७) हे प्रमाण वेगळं जोडावं लागतं.

हरण्या लागलेल्या बागेचं पील कुठेकुठे गेलं, हा माग काढायला आऊल हवंच असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत १९९९च्या प्रमाणापासून अशी साखळी शोधता येते.

आऊल कामी येतं ते वेगवेगळ्या संस्थांच्या, वेगवेगळ्या रचनेच्या नोंदी एकत्र आणून त्यांतली विसंगती यंत्राकडून पकडायची असते तेव्हा. वैद्यकातली संज्ञांची 'स्नोमेड सीटी' ही प्रणाली किंवा जीवशास्त्रातली 'जीन ऑन्टॉलॉजी' याच कामासाठी उभी आहेत. तुमच्याकडे प्रयोगशाळेची रोपं, माती परीक्षण, शीतगृह आणि निर्यातदार अशा चार ठिकाणच्या नोंदी येत असतील, तर विचार करा. तेव्हा पाया म्हणून 'बीएफओ' ही तयार, सर्वसाधारण संकल्पनांची ऑन्टॉलॉजी घेतलेली बरी, ते २०२१पासून आयएसओ प्रमाणही आहे. त्रेंतोचीच तशी दुसरी ऑन्टॉलॉजी 'डोल्चे' विचाराला सूक्ष्म, पण कारकुनी कामाला जड.

एका तालुक्यात खरेदी करणाऱ्या कंपनीने चार रकाने आणि शब्दसूचीवर भागवावं. आऊल घ्यायचंच असेल, तर ते लिहायचं 'प्रोटेजे' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पैसे जातात ते पुढच्या हंगामात नवा वर्ग कोण जोडणार, यावर. करारात ते नाव आधी लिहून घ्या.