बक-टिकचा 'जूसानकाई वा गेक्को': लाइट बंद करा, हेडफोन लावा

गॉथिक रॉक, म्हणजे पंकमधून निघालेलं ते काळोखं, मरणाभोवती घुटमळणारं रॉक, म्हटलं की सगळे लगेच इंग्लंडची नावं घेतात, बाउहाउस, सिस्टर्स ऑफ मर्सी वगैरे, ते बरोबरच आहे, पण हे संगीत जपानमध्ये गेल्यावर त्याचं काय झालं हे ऐकायचं असेल तर बक-टिक या जपानी बँडचा २००५चा हा अल्बम घ्याच. नावाचा अर्थ साधारण 'तेराव्या मजल्यावर चांदणं'. मी याला ५ पैकी साडेचार देतो, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

आधी थोडं मागचं. जपानमध्ये १९८०च्या दशकात टोकियोच्या अंडरग्राउंड संगीतात ऑटो-मॉडसारखे बँड हे करत होते, तिकडे तेव्हा त्याला 'पॉझिटिव्ह पंक' म्हणायचे, म्हणजे सुरुवात त्यांची, ते श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. पण हा अंधार चार्टवर पहिल्या नंबरला नेऊन बसवला बक-टिकने. गुन्मा प्रांतातल्या फुजिओका गावची पोरं, १९८३ला बँड काढला, नावाचा अर्थ फटाके! आणि ज्याच्या आवाजासाठी आज लोक वेडे आहेत तो आत्सुशी साकुराई सुरुवातीला ड्रम वाजवायचा, १९८५ला तो माइकवर आला आणि तेव्हा जे पाच जण जमले तेच पाच जण २०२३पर्यंत टिकले, एकही बदल नाही. लंडनमध्ये रेकॉर्ड केलेला 'टॅबू' १९८९ला आला, मग १९९०ला 'अकु नो हाना', हे फ्रेंच कवी बोदलेअरच्या कवितासंग्रहाचं जपानी नाव, दोन्ही पहिल्या नंबरला. पुढे ९०च्या दशकात इंडस्ट्रियल, इलेक्ट्रॉनिक सगळं करून झालं, आणि मग हे पाच जण जमल्यापासून वीस वर्षांनी त्यांनी ठरवून पूर्ण गॉथिक अल्बम केला, तो हा.

म्हणूनच हा नुसता काळे कपडे घालून केलेला प्रकार वाटत नाही. मरण, प्रेम, देह हे साकुराईच्या शब्दांत आधीपासूनच होतं, इथे त्याला घर मिळालं इतकंच.

'रोमान्स' हे सिंगल होतं, चाल इतकी चटकन तोंडात बसते की हे रक्त पिणाऱ्याचं प्रेमगीत आहे हे नंतर लक्षात येतं. 'दोकेशी ए' म्हणजे विदूषक, आणि तो हसवत नाही, तो आतून पार मोडलेला आहे, साकुराई तिथे आवाज जवळजवळ टाकून देतो आणि तेच लागतं. 'कॅबरे' नाटकी आहे, ज्यांना नाटकीपणा खटकतो त्यांनी हा अल्बम घेऊ नये, सरळ सांगतो. पण 'मुमा'! संथ, जड ठेका, जणू कुणीतरी पायऱ्या चढत वर येतंय, बँडचा गिटारिस्ट इमाईची गिटार, आणि त्यावर तो खोल आवाज. मी हे गाणं किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही.

अर्धा मार्क कापला तो मधल्या छोट्या वाद्यसंगीताच्या तुकड्यांमुळे, वातावरणासाठी ठीक आहेत पण काही ठिकाणी पकड सुटते. शफलवर तर अजिबात ऐकू नका, सगळं विस्कटतं.

प्रभावाचं म्हणाल तर व्हिज्युअल केईची, म्हणजे भडक मेकअप आणि वेशभूषा करणाऱ्या जपानी रॉक बँडची, एक अख्खी पिढी या लोकांकडे बघून उभी राहिली, 'परेड' नावाने यांच्या गाण्यांचे तीन ट्रिब्यूट अल्बम निघालेत, पहिला २००५चाच.

१९ ऑक्टोबर २०२३ला योकोहामात कॉन्सर्ट चालू असताना साकुराईची तब्येत बिघडली, कार्यक्रम थांबवावा लागला आणि त्याच रात्री तो गेला, ५७ वर्षांचा होता. मेंदूतला रक्तस्राव. त्यानंतर मला बरेच दिवस हा अल्बम लावताच आला नाही, मरणावर इतकं गाणारा माणूस खरंच गेला हे पचतच नव्हतं. बाकीचे चौघे थांबले नाहीत, इमाई आणि दुसरा गिटारिस्ट होशिनो आता स्वतः गातात, २०२४ला नवा अल्बमही आला, तोही ऐका, पण आधी हा.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर रात्री, एका बैठकीत, आणि 'मुमा' सुरू झालं की आवाज थोडा वाढवा.