जुन्या हार्ड डिस्कमधला डेटा नव्या लॅपटॉपवर : साटा-टू-यूएसबी केबल घ्यावी का?

जुना पीसी सुरूच होत नाही, पण हार्ड डिस्क शाबूत आहे. अशा वेळी सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे साटा-टू-यूएसबी ३.० केबल (साटा म्हणजे हार्ड डिस्क मदरबोर्डला जोडण्याची नेहमीची पद्धत). एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला डिस्कच्या २२ पिनांवर बसणारं सॉकेट (७ डेटाच्या, १५ पॉवरच्या). केबल साधी दिसते, पण त्या सॉकेटच्या डबीत साटा आणि यूएसबी यांच्यात दुभाष्याचं काम करणारी एक ब्रिज चिप असते आणि केबलचा सगळा दर्जा तिच्यावर ठरतो. जेमायक्रॉन किंवा एएसमीडिया कंपनीची, यूएएसपी (यूएसबीवरून वेगाने डेटा नेण्याची पद्धत) चालवणारी चिप असेल तर बिनधास्त घ्या. दोन यूएसबी-ए टोकांची साधी वायर घेऊन दोन कॉम्प्युटर जोडायला मात्र जाऊ नका. मधे लिंक चिप नसलेल्या वायरने डेटा जात नाहीच, उलट दोन्हीकडचे ५ व्होल्ट एकमेकांना भिडतात.

ही केबल दोन प्रकारांत मिळते: नुसती, आणि १२ व्होल्ट २ अँपियरच्या अडॅप्टरसह. आमचं स्पष्ट मत असं की अडॅप्टरवालीच घ्यावी. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, तिला यूएसबीचा करंट बहुतेकदा पुरतो. डेस्कटॉपच्या ३.५ इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीत ते नसतातच. नुसत्या केबलवर ती डिस्क फिरणारच नाही, आणि माणूस समजतो की डिस्क गेली.

२.५ इंचीचंही एक दुखणं आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टपुढे किती अँपियर लिहिलेत ते बघा. फिरायला सुरुवात होताना त्याहून जास्त ओढ लागते. करंट कमी पडला की डिस्क टिक-टिक करते, ड्राइव्ह दिसतो आणि लगेच गायब होतो. असं झालं तर हब मधे ठेवू नका, आणि डेस्कटॉपला जोडत असाल तर कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. तरी टिक-टिक थांबली नाही तर डिस्क लगेच काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

जोडण्याचा क्रम असा: डिस्क केबलला, मग १२ व्होल्टचा अडॅप्टर, डिस्क फिरू लागली की शेवटी यूएसबी. अडॅप्टर मात्र केबलसोबत आलेलाच वापरा. तशाच गोल पिनेचा दुसरा, जास्त व्होल्टचा अडॅप्टर चुकून लागला तर डिस्कचं सर्किट जळतं. जुनी मशीन अजून चालत असेल तर डिस्क काढण्याआधी शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी अर्धवट बंद होण्याची सोय) बाजूला राहून विंडोज पूर्ण बंद होतं.

वेग बरा मिळतो. ३.० पोर्टवर जुनी फिरती डिस्क मोठ्या फाइलींना सेकंदाला साधारण १०० एमबी देते, म्हणजे ५०० जीबीला दीड तास. २.० पोर्टवर तोच वेग ३५ एमबीच्या आसपास येतो आणि चार तास लागतात. हजारो छोट्या फाइली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढणार.

आता खरी अडचण. डिस्क दिसते, पण जुन्या यूजरचं फोल्डर उघडताना विंडोज परवानगी नाकारतं. यात केबलचा दोष नाही. फोल्डरची मालकी जुन्या विंडोजमधल्या खात्याच्या क्रमांकाशी बांधलेली असते, नाव तेच ठेवलं तरी नव्या मशीनवर क्रमांक वेगळा पडतो. ‘कंटिन्यू’ दाबलं की विंडोज एकेका फाइलच्या परवानग्या बदलत बसतं, आणि दुखावलेल्या डिस्कवर ते लिहिणं नकोच. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड वापरा. कमांडनंतर स्रोत, मग नवं फोल्डर, मग /ई /बी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१, हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत. /बी म्हणजे बॅकअप मोड, तो परवानग्यांना वळसा घालून वाचतो. /आर आणि /डब्ल्यू विसरू नका. ते न दिल्यास रोबोकॉपी अडलेल्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करतं.

/एक्सजे का, हे कुणी फारसं सांगत नाही. जुन्या यूजर फोल्डरमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’सारखे आडवाटेचे दुवे असतात आणि ते सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता धरून बसलेले असतात. डिस्क आता ई ड्राइव्ह झाली तरी दुवा सी कडेच जातो. दोन्हीकडे यूजरचं नाव एकच असेल तर नव्या मशीनचाच डेटा जुना म्हणून कॉपी होतो, कधी फोल्डरात फोल्डर असा न संपणारा गोफ तयार होतो. /एक्सजे हे दुवे वगळतं. अख्खा ड्राइव्ह मुळापासून कॉपी करत असाल तर ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टिम’ हे शिक्के काढणारं /ए-:एसएच जोडा, नाहीतर नवं फोल्डर लपलेलं राहतं आणि कॉपी झालीच नाही असं वाटतं. /एमआयआर मात्र टाळा. स्रोतात नसलेल्या फाइली तो नव्या जागेवरून पुसून टाकतो.

‘डिस्क फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशियलाइज करा’ अशी चौकट आली तर कॅन्सल, दुसरं काही नाही. ४८ अंकी की मागितली तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या लॅपटॉपवर ते मालकाच्या नकळत सुरू झालेलं असू शकतं. किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये राहिलेली असते. आता त्या खात्याच्या रिकव्हरी की पानावर शोधा. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा एरर आला तर डिस्कवर बहुधा खराब सेक्टर (न वाचता येणारे भाग) आहेत. तिथे विंडोजची दुरुस्ती करणारी चेकडिस्क चालवणं म्हणजे मरत्या डिस्कला पळवणं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या ओळी बघा. आकडे वाढत असतील तर आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रतिमा (एका फाइलीतली हुबेहूब प्रत) घ्या, मग त्या प्रतिमेतून फाइली काढा.

काय काय उचलायचं, तेही बघा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कधी कधी वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकलेले असतात. तिथल्या ढगाचं चिन्ह असलेल्या फाइली डिस्कवर नसतातच, त्या खात्यातूनच उतरवाव्या लागतात. क्रोमचे बुकमार्क फाइल उचलून येतात, पासवर्ड येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. टॅली असेल तर डेटा फोल्डरातली १००००, १०००१ अशा आकड्यांची फोल्डरं जशीच्या तशी उचला, आणि जुनी मशीन चालत असेल तर तिच्यावर लायसन्स सरेंडर करा.

मराठी टायपिंगचं काम करणाऱ्यांनी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरकडे दुर्लक्ष करू नये. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत केलेल्या निमंत्रणपत्रिका, अर्ज आणि पुस्तकांची पानं युनिकोड नसतात. फॉन्ट गेला की तिथे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्या टीटीएफ फाइली वेगळ्या फोल्डरात घ्या आणि नव्या मशीनवर आधी इन्स्टॉल करा.

ही केबल कुणी घेऊ नये? ज्यांच्या जुन्या मशीनमध्ये ४० पिनांची आयडीई डिस्क आहे, किंवा एकच खाच असलेली, पट्टीसारखी एम.२ एनव्हीएमई एसएसडी आहे, त्यांनी. पहिल्यासाठी आयडीईची जोड असलेली केबल लागते, दुसऱ्यासाठी एनव्हीएमईचं एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीला जोडायची डबी. आणि स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असते. ती काढता येत नाही, त्यामुळे तो लॅपटॉप सुरू होतोय तोवरच एक्सटर्नल डिस्कवर डेटा काढून घ्या. ती डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या, एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.