24 वर्षांच्या खंडानंतर पुन्हा बारबेल : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

महाविद्यालयात असताना चार वर्षे मी नियमित भारोत्तोलन केले. वयाच्या 23व्या वर्षी ते सुटले आणि 47व्या वर्षी पुन्हा सुरू केले. त्यासाठी 15 किलोचा बार, रबरी प्लेट्स, सेफ्टी बार असलेला रॅक, उंच टाचेचे बूट आणि अर्धा व पाव किलोच्या लहान प्लेट्सच्या जोड्या एवढे साहित्य घेतले. आता 39 आठवडे झाले असून प्रत्येक दिवसाचे वजन, आवृत्त्या (ते सलग किती वेळा उचलले) आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा होता, हे सारे वहीत लिहिलेले आहे. त्या वहीच्या आधारे, आमच्यासारख्या मोठ्या खंडानंतर परतणाऱ्यांना यातले काय खरोखर उपयोगी पडते, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी बारविषयी. स्त्रियांच्या स्पर्धेचा प्रमाणित बार 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर जाडीचा असतो, तर पुरुषांचा 20 किलोचा आणि 28 मिलिमीटरचा. तीन मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु अंगठा बोटांखाली दाबून धरण्याच्या पकडीत, ज्याला हुक ग्रिप म्हणतात, लहान हाताला तो पहिल्याच दिवशी जाणवतो. दोन्ही टोकांच्या बाह्या, म्हणजे ज्यांवर प्लेट्स चढवतात तो भाग, आजही मोकळेपणाने फिरतात. क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांवर घेताना, कोपरे झटकन पुढे वळतात तेव्हा प्लेट्स बारबरोबर फिरू लागल्या तर त्यांचा सगळा पीळ मनगटावर येतो, आणि या वयातील मनगट तो सहन करत नाही. देखभाल फारशी नाही. पकडीच्या खरखरीत भागात खडूची पूड साचते, ती मी दर आठवड्याला कडक ब्रशने काढते, आणि बाह्यांमध्ये दोनदा तेल घातले आहे.

प्लेट्स निवडताना माझी एक चूक झाली. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर असतो, म्हणून जमिनीवर ठेवलेल्या बारचा मध्य साडेबावीस सेंटिमीटर उंचीवर येतो. मी 20 आणि 10 किलोच्या प्लेट्स या पूर्ण व्यासाच्या घेतल्या आणि 5 किलोच्या मात्र लहान लोखंडी घेतल्या. पहिल्या महिन्यात मला 25 किलोच उचलायचे होते. लहान प्लेट्स लावलेला बार जमिनीलगत राहत असे आणि तिथपर्यंत वाकताना पाठीचा खालचा भाग गोल होत असे. दोन आठवड्यांनी मी प्लेट्सखाली लाकडी ठोकळे ठेवले आणि तो प्रश्न सुटला. परतणाऱ्याने सुरुवातीच्या हलक्या वजनांसाठी 5 किलोच्याही पूर्ण व्यासाच्या सरावाच्या प्लेट्स घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मुख्य मुद्दा. परतताना सर्वांत मोठा धोका स्नायू कमकुवत असण्याचा असेल, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात स्नायू फार लवकर सावरले, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. पहिल्या चार आठवड्यांत आठवड्याला तीन वेळा स्क्वॉट (बार खांद्यांवर ठेवून खाली बसून उठणे) करत, प्रत्येक वेळी अडीच किलो वाढवत, मी 25 किलोवरून 55 किलोवर पोचले. प्रत्येक सेट सहज पार पडत होता. जुन्या मेहनतीची खूण स्नायूंत टिकून राहते, या समजुतीला संशोधनातही काही आधार आहे. नॉर्वेतील संशोधकांनी 2010 साली उंदरांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की स्नायू वाढताना त्याच्या तंतूंमध्ये जी जादा पेशीकेंद्रके तयार होतात, ती नंतर स्नायू बारीक झाला तरी टिकून राहतात. माणसांबाबत हे चित्र अजून तितके स्पष्ट नाही, तरी माझ्या वहीतील पहिले चार आठवडे त्याच्याशी जुळतात.

कंडरांचे तसे नसते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या या दोऱ्यांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्या भाराशी फार सावकाश जुळवून घेतात. पाचव्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखू लागले. व्यायाम करताना शरीर तापले की दुखणे कमी होई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ते दुपटीने परत येई. त्या फसव्या आरामावर विसंबून मी आणखी दोन आठवडे 55 किलोच उचलत राहिले. मग फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पूर्ण विश्रांती सांगितली नाही. वजन 35 किलोवर आणून चार सेकंदांत खाली आणि तितक्याच सावकाश वर, अशा आवृत्त्या करायला सांगितल्या, आणि दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले नाही तर पुढच्या वेळी वजन कमी करायचे, असा नियम घालून दिला. असे पाच आठवडे गेले. कंडराला भार हवाच असतो, फक्त तो तिच्या गतीने वाढायला हवा, हे मला त्या पाच आठवड्यांत समजले.

इथे लहान प्लेट्स उपयोगी आल्या. अनेक व्यायामशाळांत सव्वा किलोपेक्षा लहान प्लेट नसते, त्यामुळे दोन्ही बाजू मिळून किमान वाढ अडीच किलोंची होते. 60 किलोच्या स्क्वॉटवर ही वाढ जेमतेम चार टक्के आहे. 20 किलोच्या ओव्हरहेड प्रेसवर, म्हणजे बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलण्याच्या व्यायामात, तीच वाढ साडेबारा टक्के होते आणि खांद्याला ती एका आठवड्यात पेलत नाही. बाराव्या आठवड्यापासून मी स्क्वॉट 42 किलोवर सुरू केला. दर आठवड्याला एकच किलो वाढवायचा आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात वजन उतरवायचे, असा क्रम ठेवला. आज पाच आवृत्त्यांसाठी 63 किलो आहेत, म्हणजे बारखेरीज प्रत्येक बाजूला 20, अडीच, एक आणि अर्धा किलो. प्रेस पाव किलोच्या जोडीमुळे अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढत रिकाम्या बारवरून 28 किलोपर्यंत आला. या 28 आठवड्यांत गुडघ्याचे दुखणे परतले नाही. संपूर्ण साहित्यात सर्वांत हलक्या असलेल्या या चकत्यांवर माझी सगळी प्रगती उभी आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणते.

तंत्राबाबत एक अनपेक्षित गोष्ट घडली. शरीराला क्लीनची लय आठवत होती, पण ती 60 किलोंची लय होती. बारवर 25 किलो असतानाही नितंबांचा जोर जुन्याच वजनाइतका लागे, त्यामुळे बार अंगापासून दूर उडे आणि खांद्यांवर आदळे. हलके वजन बरोबर वेगाने उचलायला नव्याने शिकावे लागले आणि त्यात तीन महिने गेले. हालचाल बाजूने चित्रित करून पाहणे, हाच यावर मला खरा उपाय वाटला. मनात राहिलेली जुनी प्रतिमा आणि प्रत्यक्ष हालचाल यांतील अंतर आरशात दिसत नाही.

बुटांची टाच सुमारे दोन सेंटिमीटर उंच आहे. घोटे ताठरले असल्याने तिच्याशिवाय मला खोल बसताच येत नव्हते. बूट उत्तम आहेत, परंतु घोट्यांची लवचिकता त्यांनी परत येत नाही. त्यासाठी रोज दहा मिनिटे वेगळी द्यावी लागतात. रॅकबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे : सेफ्टी बार बसल्यावरच्या उंचीच्या किंचित खाली लावले की एकटीने स्क्वॉट करण्याची भीती राहत नाही, आणि दोन वेळा मी त्यांवर बार निश्चिंतपणे सोडला आहे.

साहित्यातील खरी निराशा प्लेट्स अडकवण्याच्या स्प्रिंगच्या क्लिपांनी केली. चौथ्या महिन्यापासून त्या सैल पडल्या आणि जर्कच्या वेळी, म्हणजे बार खांद्यांवरून झटक्याने डोक्यावर नेताना, एका बाजूची प्लेट दोन बोटे सरकली. आता मी खटक्याने आवळणाऱ्या कॉलर वापरते. त्या सरकत नाहीत.

सुरू करण्यापूर्वी रक्तदाब तपासून घ्यावा, हेही सांगितलेच पाहिजे. जड वजनाखाली श्वास रोखून पोट ताठ करावे लागते आणि त्या क्षणी रक्तदाब बराच वाढतो. मी डॉक्टरांची परवानगी घेऊनच सुरुवात केली. सावरायला लागणारा काळही बदलला आहे. विशीत एका दिवसाआड जड वजन चालत असे, आता दोन दिवस मधे गेल्याशिवाय पायांत जोर येत नाही, म्हणून बाराव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनच जड दिवस ठेवले आहेत. अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी आधी ठरवलेले वजन मी उचलत नाही. वहीत अशा दिवसांपुढे खूण केली आहे, आणि अडखळलेल्या बहुतेक आवृत्त्या त्याच पानांवर आहेत.

स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एकाच झटक्यात डोक्यावर नेणे, मात्र अजून परतलेला नाही. उजवा खांदा डोक्यावर पूर्ण मागे जात नाही, म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत केवळ काठीने सराव केला आणि आता रिकाम्या बारवर एक-एक किलोच्या प्लेट्स लावून 17 किलोवर आहे. विशीत त्याच हालचालीत मी 50 किलो उचलत असे. पुढच्या आठवड्यासाठी वहीत साडेसतरा लिहिले आहेत.