धरमपेठेतली शुगरवाली इंटर्वल बॅच: घाम गाळायला जा, पावडर नका घेऊ

नागपुरात धरमपेठ साइडला एक जिम आहे, नाव नाही लिहीत, तिथे सकाळी खास प्रीडायबेटिसवाल्यांची (डायबेटिसच्या आधीची स्टेज) बॅच सुरू आहे. माझा एचबीएवनसी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ टक्के आला (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस), डॉक्टर म्हणाले गोळी नाही, आधी व्यायाम, मग टाकलं नाव.

काम सिंपल आहे. आधी वॉर्मअप, मग सायकलवर एक मिनिट जोरात न एक मिनिट आरामात असे दहा राउंड (यालाच इंटर्वल म्हणतात), अर्ध्या तासात मोकळे. ट्रेनर पोरगा हुशार आहे बाप्पा, जोरात म्हणजे किती हे मशीनच्या आकड्यावर नाही सांगत, तुमच्या तोंडून पूर्ण वाक्य निघून राहिलं ना, मग वाढवा काका, असं त्याचं गणित. नवीन माणसाला पहिले बीपी न छातीचं विचारतो, गुडघेवाल्यांना वेगळं बसवतो. फी वसूल आहे ती याच्यासाठी. आणि सोम-बुध-शुक्र ठेवलंय तेही बरोबर, कारण स्नायू काम करताना इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढतात न त्याचा फायदा एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांच्या वर गॅप नको.

आता कटकट. बॅचच्या आधी-नंतर बोटाला टोचून शुगर पाहतात, न एका काकांची व्यायामानंतर उलट वाढलेली आली तर ते बिचारे घाबरून घरी बसायला निघाले. जोराच्या व्यायामात अ‍ॅड्रेनालिनमुळे लिव्हर साखर सोडतं, थोड्या वेळानं उतरते, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जाते? त्यात ग्लुकोमीटरला १५ टक्के इकडेतिकडे चालतंच. भिंतीवर बोर्ड काय तर ‘२१ दिवसांत प्रीडायबेटिस रिव्हर्स’. अरे, एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांचा हिशोब, २१ दिवसांत काय घंटा दिसणार! न बोर्डाखालीच यांची पावडर विकायला ठेवलेली, ती मी घेतली नाही न तुम्हीही घेऊ नका.

ज्याला फी परवडत नसेल त्यानं सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनकडे चालायला जावं, कारण इंटर्वलनं चालायची पद्धतही जपानचीच आहे, तिथल्या शिन्शू विद्यापीठाच्या लोकांनी बसवलेली: ३ मिनिट फास्ट, ३ मिनिट स्लो, असं पाच वेळा. २०१३ मध्ये डेन्मार्कवाल्यांनी टाइप २ डायबेटिसच्या पेशंटना चार महिने चालवलं, दोन्ही ग्रुपची मेहनत सारखीच, पण शुगर सुधरली ती इंटर्वलवाल्यांची, एका चालीनं चालणाऱ्यांची नाही. ते पेशंट आपल्या पुढच्या स्टेजचे होते आणि ग्रुप लहान होता, हेही खरं. फक्त मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर शुगरच्या आधी ऊन खाईल.

बाकी बॅच सुटली की अर्धी मंडळी सरळ तर्री पोह्याच्या ठेल्यावर, वरून जिलेबी. ट्रेनर तरी काय करणार.

माझ्याकडून साडेतीन स्टार. घ्यायची तर तीन महिन्यांची घ्या न संपली की लॅबमध्ये एचबीएवनसी करा, वर्षाचं पॅकेज गळ्यात मारतात ते नको. बॅच साडेसहाचीच घ्या, साडेसातला सायकली कमी पडतात न गाडी लावायला जागा नसते.