स्कॅनर की मल्टीमीटर?

डिझेल पिकअपचा चेक इंजिन दिवा लागला, गाडी चढाला दम टाकायला लागली, की प्रश्न हाच: आधी काय लावायचं?

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र, पाच मिनिटांत दिशा दाखवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचं तापमान ९० अंश दिसलं, तर चोर तिथेच सापडला. चालत्या गाडीत मध्येच येणारा बिघाडही रेकॉर्डिंगमध्ये पकडता येतो. तिथे व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टीमीटरचा फारसा उपयोग नाही. पण कोड आला म्हणजे सेन्सर गेला, असं मुळीच नाही. पी०१९३ हा कोड एवढंच सांगतो की रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमधला सिग्नल प्रमाणाबाहेर वर गेलाय.

आमच्या पिकअपला हाच कोड होता. गॅरेजमध्ये नवा सेन्सर बसवला, दिवा पुन्हा हजर. मग कनेक्टर काढला, चावी ऑन केली, मल्टीमीटर लावला. एका पिनवर बरोबर ५ व्होल्ट, पण अर्थच्या (अर्थिंगच्या) पिनला अर्थच नाही! अर्थ तुटला की सिग्नल वर चढतो आणि ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं प्रेशर भलतंच वाढलंय. वायर चाचपत मागे गेलो, तर ब्रॅकेटवर घासून ती सोललेली, आत तांब्याला हिरवा कळंक, आणि जरा ओढताच दोन तुकडे.

दोन्ही घेणं जमत नसेल तर मी मल्टीमीटरच घ्यायला सांगेन. कोड बऱ्याच गॅरेजमध्ये वाचून मिळतो. फक्त वायरला सुई टोचून तपासू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं.